हात मागे बांधल्यावर

फुलाफुलांचा सदरा ताईनं इस्त्री करून, घडी मोडू न देता घरून आणला होता, आणि धाकटी तो घालायला तयार नव्हती.

संग्रहालयाच्या तळघरातल्या चौकटी बनवायच्या खोलीत दोघी बहिणी समोरासमोर उभ्या होत्या. मध्ये लांबलचक टेबल, त्यावर काच कापायची पट्टी, जाड पुठ्ठ्याचे तिरके कापलेले तुकडे, झाकण चिकटून बसलेली सरसाची बरणी. बोलणं हातांनी चाललं होतं. बाहेरच्या बोळातून कुणी गेलं असतं तर त्याला खोली शांत वाटली असती. आत कडाक्याचं भांडण चालू होतं.

"मोठी मोठी माणसं बघायला येणार, आणि तू दुखवट्याला निघाल्यासारखी काळे कपडे घालून उभी," ताई म्हणाली.

"ती मला बघायला येत नाहीयेत. माझे हात बघायला येतायत. फुलांवर हात दिसत नाहीत."

"मला तर दिसतात."

"तुला मी न बोलताही कळतं. तुझं सोड."

ताईनं सदरा पुन्हा पिशवीत घातला. पण पिशवी खुंटीला न लावता टेबलावरच ठेवली. अजून वेळ गेलेली नाही, असा त्याचा अर्थ.

धाकटी बोलायला शिकण्याआधीच तापात बहिरी झालेली. संग्रहालयातली माणसं तिला चौकटवाली म्हणतात, कारण भिंतीवरच्या बहुतेक चित्रांच्या चौकटी कधी ना कधी तिच्या हाताखालून गेल्या आहेत. बहिऱ्यांच्या मंडळात तिचं नाव वेगळं आहे: अंगठा हनुवटीवरून आडवा फिरवायचा. लहानपणी पडून तिथं टाके घालावे लागले होते. मंडळात नावं अशीच ठेवतात. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव कागदावर राहतं आणि माणसाला जन्मभर त्याच्या व्रणावरून, चष्म्यावरून नाहीतर खोडीवरून हाक मारली जाते. तिच्या नवऱ्याचं नाव खिसा. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो, आणि बोलायचं नसलं की हात खिशात घालून उभा राहतो. बहिऱ्या माणसानं हात खिशात घालणं म्हणजे तोंडाला कुलूप लावणं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी धाकटीनं त्याच्या दोन पँटींचे खिसे शिवून टाकले होते, हा किस्सा मंडळात अजून सांगतात.

आज दुपारी तिला एक फेरी करून दाखवायची होती, आणि ती जमते की नाही यावर तिचं पुढचं सगळं ठरणार होतं.

झालं होतं असं. चित्रं दाखवायच्या फेऱ्या चार भाषांत सुरू करायच्या, असं संग्रहालयानं ठरवलं. तीन भाषांना बोलकी माणसं मिळाली. चौथी भाषा खुणांची. तिच्यासाठी सोपा उपाय काढला: नेहमीच्या मार्गदर्शकानं बोलायचं आणि शेजारी उभं राहून दुभाषी बाईंनी हातांनी सांगायचं. मंडळातली माणसं नटूनथटून आली आणि परत फिरकली नाहीत. मार्गदर्शक अखंड बोलत होता, त्यामुळे बाईंचे हातही अखंड चालत होते. हातांकडे बघावं तर चित्र सुटायचं, चित्राकडे बघावं तर सांगणं सुटायचं. ऐकणाऱ्यांचे कान एक नोकरी करतात आणि डोळे दुसरी. बहिऱ्यांच्या डोळ्यांना दोन्ही पाळ्या कराव्या लागतात. खिसा घरी येऊन म्हणाला, "त्या बाईंचे हात पोटभर बघितले. हात छान आहेत. चित्रं कुठं लावली होती?"

हे शिक्षण विभागाच्या प्रमुख बाईंच्या कानावर गेलं. त्यांच्या केसांत कायम एक मोठा चिमटा खोचलेला असतो, म्हणून मंडळात त्यांचं नाव चिमटा. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन त्या खुणा शिकल्या होत्या आणि नवशिक्यासारख्या, एकेक शब्द ठेवून बोलत. त्यांनी समितीपुढं मांडलं की फेरी बहिऱ्या माणसानंच करावी. आपल्याकडे तळघरात एकजण आहेच.

समितीचे अध्यक्ष चित्रकलेचे निवृत्त प्राध्यापक. त्यांची डावी भुवई त्यांच्या आधी बोलते, म्हणून त्यांचं नाव भुवई. त्यांनी विचारलं, ऐकणारी माणसं या फेरीला आली तर काय त्यांना परत पाठवायचं? चिमटाबाई म्हणाल्या, नाही, तिच्या हातांना कुणीतरी आवाज देईल. मग एकदा सगळ्यांना एकत्र घेऊन करून दाखवा, भुवई म्हणाले. जमलं तर दर आठवड्याला ठेवू. नाही जमलं तर पडदे लावू.

पडदे म्हणजे प्रत्येक चित्राशेजारी हातभर स्क्रीन. त्यात कुठल्यातरी बाईचे एकदाच टिपलेले हात दिवसभर तेच ते सांगत राहणार. पडद्याला रजा लागत नाही, पगारवाढ लागत नाही, आणि पडद्याला कुणी प्रश्न विचारत नाही. पडदे आले की चौकटवालीनं पुन्हा खाली जायचं.

धाकटीला ती फेरी हवी होती. किती हवी होती ते तिनं खिशालाही सांगितलं नव्हतं. ती शिकली त्या शाळेत हातांनी बोलायला बंदी होती. बोललं तर हातांवर पट्टी बसायची. सगळा अभ्यास ओठ वाचून. एकदा शाळेनं त्यांना अशाच एका संग्रहालयात नेलं. बाईंनी मुलींना ओळीत उभं केलं आणि स्वतः चित्राकडे पाठ करून बोलायला लागल्या. त्यांच्या खांद्यामागे एक घोडा दिसत होता. धाकटीनं घोड्याकडे बघितलं, आणि बाईंनी तिची हनुवटी धरून तोंड पुन्हा ओठांकडे वळवलं. हनुवटीच्या टाक्यांपेक्षा ती बोटं तिला जास्त आठवतात.

राहिला प्रश्न आवाजाचा. शहरातली एकुलती एक पक्की दुभाषी कोर्टाच्या कामात अडकलेली होती. "मग कोण?" असं चिमटाबाईंनी विचारलं तेव्हा धाकटीनं विचारही न करता कपाळावर बोट टेकवून खाली आणलं. ही ताईची खूण.

दुसरं कोण असणार? दवाखान्यात, बँकेत, घर भाड्यानं घेताना, जिथं तिथं ताईच तिच्या वतीनं बोलत आली होती. ताईनं पोस्टाच्या खिडकीमागे नोकरी केली. काचेपलीकडच्या माणसाला काय म्हणायचंय ते त्यानं तोंड उघडायच्या आत ओळखायची तिला सवय. त्या सवयीचा एक नमुना घरात प्रसिद्ध आहे. लग्न ठरवायला खिशाचे आईवडील आले होते, दोघंही ऐकणारे. मुलीला स्वयंपाक येतो का, असं त्यांनी विचारलं. धाकटी हातांनी म्हणाली, "येतो, पण कंटाळा येतो." ताईनं सांगितलं, "आवडीनं करते." कोपऱ्यात बसलेल्या खिशानं दोन्ही उत्तरं पकडली, एक हातांवरून आणि एक आईच्या खुललेल्या चेहऱ्यावरून, आणि तिथंच त्याला हसू फुटलं. तेव्हापासून घरात कुणी काही गोड करून सांगितलं की तो विचारतो, "हे हातांचं की ताईंचं?"

फेरीची तालीम ताईच्या स्वयंपाकघरात झाली. चित्रांच्या छापील प्रती साखरेच्या डब्याला टेकवून उभ्या केल्या होत्या. धाकटीनं एकच नियम ठरवला होता. आधी थोडं सांगायचं, मग हात पाठीमागे बांधायचे. हात मागे गेले की फेरीत कुणी बोलायचं नाही, सगळ्यांनी चित्र बघायचं. हात पुढं आले की पुन्हा सांगणं सुरू.

"आणि तेवढा वेळ मी काय करू?" ताईनं विचारलं.

"काही नाही. तूही बघ."

"लोकांना वाटेल मी विसरले."

"वाटू दे."

"अगं, ऐकणाऱ्यांना शांतता सोसत नाही. लिफ्टमध्येसुद्धा गाणं लावून ठेवावं लागतं."

खिसा भाजी निवडत होता, तो थांबला. "लिफ्टमध्ये गाणं असतं?" त्याला हे खरंच माहीत नव्हतं. "कसलं?"

"भिकार," ताई म्हणाली.

"मग लावतात कशाला?"

"तेच सांगतेय मी हिला."

दुसरं चित्र होतं काळ्या कोटातल्या एका माणसाचं. चेहरा केसाकेसापर्यंत रंगवलेला, पण हात राहून गेलेले. बाह्यांच्या टोकाला नुसते करडे फराटे. धाकटीला त्यावर विनोद करायचा होता. "याच्या चेहऱ्यावर बघा, किती सांगायचं साचलंय. पण चित्रकारानं हात दिले नाहीत. बोलणार कशानं?"

"हे मी म्हणणार नाही," ताई म्हणाली.

"का?"

"लोकांना वाटेल तू स्वतःची कीव करतेयस. लोक कसे असतात तुला कळत नाही."

"मला लोक दिसतात, ताई. तुला ऐकू येतात. दोघींनाही निम्मेच कळतात."

ताईनं साखरेचा डबा उचलला, त्यामुळे कोटातला माणूस तोंडावर पडला.

फेरीची वेळ झाली. वरच्या मजल्यावरच्या पहिल्या दालनात माणसं जमली. मंडळातली सहासात डोकी होती, त्यात खिसा, आज खिसे असलेल्या पँटीत. समितीचे तिघं, त्यात भुवई. सूचना वाचून आलेली काही ऐकणारी माणसं. आणि एक परदेशातून आलेली बाई, कुणाच्यातरी म्हाताऱ्या आईची देखभाल करायच्या कामाला लागलेली. तिच्या भाषेत संग्रहालयाची एकही फेरी नव्हती. चिमटाबाई तिला चेहऱ्यानं ओळखत होत्या. ती कुठल्याही फेरीत शिरायची, थोडा वेळ उभी राहायची आणि निघून जायची. आज ती सगळ्यांच्या मागे, दाराच्या बाजूला होती.

धाकटी चित्राच्या डाव्या अंगाला उभी राहिली, हातांवर दिवा पडेल अशी. ताई लोकांच्या बाजूला, जिथून तिला धाकटीचे हात दिसतील. काळ्या सदऱ्यावर हात स्वच्छ उठून दिसत होते.

पहिलं चित्र मोठं: पाहुणे उठून गेल्यावरचं जेवणाचं टेबल. चुरगळलेले रुमाल, कलंडलेला पेला, मागे सरकवलेल्या खुर्च्या. धाकटीनं सांगितलं, खुर्च्या बघा. कोण शांतपणे उठलं आणि कोण तणतणत, ते खुर्ची सांगते. आणि तिनं हात मागे बांधले.

मंडळाची नजर हातांवरून चित्रावर गेली. सगळ्यांची एकदम. ऐकणारेही वळले. तेवढ्यात तिला ताईचे ओठ हलताना दिसले.

आवाज हातांच्या थोडा मागे असतो, हे तिला माहीत होतं. शेवटचं वाक्य राहिलं असेल, असं तिनं धरलं. ओठ थांबले, आणि पुन्हा हलले. ऐकणाऱ्यांतले दोघं चित्र सोडून ताईकडे बघायला लागले. धाकटीनं हात ठरवलेल्या वेळेआधीच पुढं आणले.

कोटातल्या माणसापुढं तिनं विनोद केला. मंडळ हसलं. एका आजोबांनी स्वतःचे हात बाह्यांत ओढून घेतले आणि कोटातल्या माणसासारखं तोंड केलं, त्यावर पुन्हा हशा. ऐकणारे हसले नाहीत. हसणाऱ्यांकडे ते जरा गोंधळून बघत राहिले, परक्या लग्नात शिरल्यासारखे. ताईनं काहीतरी सांगितलं होतं, लांबलचक, पण ते हे नव्हतं. भुवईंनी मनगट वळवून घड्याळ बघितलं.

दुसऱ्या दालनातून तिसऱ्यात जाताना बहिणी क्षणभर शेजारी आल्या. धाकटीनं कमरेजवळ, लहान हातांनी विचारलं, "तू मध्ये बोलतेयस?"

"त्यांनी घड्याळ बघितलं."

"मीही बघितलं."

"मग? ते उभे आहेत, अवघडलेत, कुणी खोकतंय. तुला ते ऐकू येत नाही. मला येतं. माझ्याच्यानं बघवत नाही."

"तू बोलू नकोस, ताई. हात मागे असताना नाही."

ताईनं मान हलवली. ती मान हो म्हणत होती की पुढं चल म्हणत होती, ते धाकटीला कळलं नाही. एरवी ताईची मान तिला झोपेतही वाचता येत असे.

तिसरं दालन अंधारं. तिथं कागदावरची जुनी रेखाटनं आहेत आणि त्यांना उजेड सोसत नाही. धाकटीच्या हातांसाठी एक छोटा दिवा आज मुद्दाम लावला होता. रेखाटन एका झोपलेल्या मुलीचं, कोळशानं काढलेलं. धाकटीनं सांगितलं, कागदाच्या डाव्या कडेला बोटाचा डाग आहे, चित्रकाराच्याच बोटाचा. मुलगी हलेल म्हणून त्याला घाई होती. डाग शोधा. तिनं हात मागे बांधले.

मंडळ वाकून शोधायला लागलं. ताई बोलायला लागली.

या वेळी ती थांबेना. धाकटीला शब्द ऐकू येणार नव्हते, आणि त्या उजेडात ओठही नीट दिसत नव्हते. पण ऐकणाऱ्यांची तोंडं एकेक करून चित्रावरून वळली आणि तिच्यावर येऊन थांबली. त्या तोंडांवर जे होतं ते तिनं जन्मभर पाहिलं होतं. डोळे मऊ झालेले, डोकं किंचित कललेलं. शेजारीण असं बघते, डॉक्टर असं बघतो, बसमध्ये जागा देणारा माणूस असं बघतो. दाराजवळची परदेशी बाई तेवढी त्यात नव्हती. तिला ताईचं बोलणं कळत नव्हतं. ती डाग शोधत होती.

मग धाकटीनं ताईच्या हाताकडे बघितलं. बोलण्याच्या भरात ताईचा उजवा हात अर्धवट चालतो. तिचं तिला समजत नाही. बहिऱ्या बहिणीबरोबर वाढलेल्या माणसाचा हात पुरता गप्प कधी बसत नाही. तो हात कमरेपाशी बारीक बारीक हलत होता. पालथा तळवा, जमिनीपासून थोडा वर: एवढीशी होती. बोटांची पाठ कपाळाकडे जाता जाता अर्ध्यात: ताप. मग आई. मग रडणं.

झोपलेल्या मुलीवरून ताईनं दुसऱ्याच मुलीची गोष्ट काढली होती.

धाकटीपुढं दोन वाटा होत्या. हात पुढं आणून पुढचं चित्र घ्यायचं. ही माणसं आता विरघळली आहेत, भुवईही घड्याळ विसरले आहेत. कदाचित याच जोरावर फेरी मिळूनही जाईल. दर आठवड्याला ती हात मागे बांधेल आणि दर आठवड्याला तिच्या तापाची गोष्ट सांगितली जाईल. ती चित्र दाखवतेय असं तिला वाटत राहील, आणि लोक तिला बघून घरी जातील.

दुसरी वाट ताईच्या तोंडातून जात होती.

तिनं हात पुढं आणले. दिव्याखाली, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं म्हणाली, "आत्ता माझे हात मागे होते. तेव्हा मी काही बोलले नाही. तुम्ही जे ऐकलं ते माझं नव्हतं. ते माझ्या बहिणीचं होतं."

आणि ती थांबली.

मंडळातल्या सगळ्यांनी ते वाचलं, आणि सगळ्यांच्या माना एकदम ताईकडे वळल्या. ऐकणाऱ्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. ते आवाजाची वाट बघत होते. या दालनात धाकटीचं ते वाक्य दुसऱ्या बाजूला नेणारं एकच माणूस होतं, आणि वाक्य त्याच माणसाविरुद्ध होतं. ताईनं ते गिळलं असतं, किंवा त्याच्या जागी दुसरं गोड काही ठेवलं असतं, तर धाकटीला ते सिद्ध करता आलं नसतं. चिमटाबाई होत्या, पण त्यांची खुणांची समज अजून रांगत होती.

ताई ओठ मिटून उभी होती. तिनं पर्सचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. खिशानं दोन्ही हात खिशात घातले.

मग ताईचे ओठ हलले. थोडेसेच. धाकटीनं वाक्याची लांबी मोजायचा प्रयत्न केला, आणि ते जमणारं नव्हतं म्हणून तोंडांकडे बघितलं. भुवईंची भुवई वर गेली. त्यांनी ताईकडे बघितलं आणि लगेच नजर काढून चित्राकडे नेली, दुसऱ्याच्या घरातलं भांडण दारातून दिसल्यावर माणूस काढतो तशी. बाकीचे पायांकडे बघायला लागले. मऊ डोळे कुणाचेच राहिले नव्हते. मागे उभ्या चिमटाबाईंनी उजव्या हाताची दोन बोटं डाव्या तळव्यावर एकेक करून ठेवली, वर्गात नुकतीच शिकलेली खूण: शब्दाला शब्द.

ताईचा उजवा हात आता पर्सच्या पट्ट्याला घट्ट धरून होता.

चौथ्या चित्रापर्यंत कुणी कुणाकडे बघितलं नाही. ऐकणाऱ्यांतली दोन माणसं मधल्या दारानं निघून गेली. धाकटीला घाम आला होता आणि ओल्या तळव्यांमुळे तिची बोटं जड चालत होती. चित्र पहाटेच्या एका रस्त्याचं. धुकं, बंद दुकानं, आणि वरच्या मजल्यावरची एकच उजळलेली खिडकी, तिच्यात एकमेकांना चिकटून दोन आकृत्या. तिनं बाकी सगळं गाळलं. "खिडकीत दोघं आहेत. काय करतायत?" एवढंच म्हणाली आणि हात मागे बांधले.

ताईनं तेवढंच सांगितलं आणि ती गप्प झाली. खरोखर गप्प. तिनं चित्राकडे तोंड केलं.

ते सोपं गेलं नाही. एकानं फोन काढला. एकजण बाकावर जाऊन बसला. भुवई या पायावरून त्या पायावर झाले. धाकटीनं पाठीमागे स्वतःचंच मनगट आवळून धरलं होतं. हात पुढं आणावेत, काहीतरी बोलावं, असं तिला आता स्वतःलाच वाटत होतं. एवढा वेळ ताईनं काय सोसलं असेल ते तिला तेव्हा थोडं कळलं.

परदेशी बाई माणसांतून वाट काढत पुढं आली. चित्रापासून हातभर अंतरावर थांबली, मागे वळली आणि कुणालातरी काखेत धरून उठवतात तसे दोन्ही हात धाकटीला करून दाखवले. मग भुवया उंचावल्या: असंच ना? रोजच्या कामाचे हात होते ते. त्यात शिकलेली खूण एकही नव्हती, आणि मंडळातल्या कुणालाही अर्थ विचारावा लागला नाही.

धाकटीनं खांदे उडवले. असेल.

"छे," खिसा म्हणाला. त्याचे हात बाहेर आले होते. "भांडतायत. तिचा पंजा बघ, त्याच्या छातीवर. ढकलतेय."

"तुला सगळीकडे बायकोच दिसते," मघाचे आजोबा म्हणाले. "नाचतायत ती."

"पहाटे? पोटात काही नसताना?"

बाई दोघांचे हात बघून हसली, आणि पुन्हा उठवायचं करून दाखवलं, या वेळी पाठीतून कळ आल्यासारखं तोंड करून. मंडळ पुढं सरकलं. ऐकणारे ताईकडे वळले, काय चाललंय म्हणून. आणि ताईला ठाऊक नव्हतं. हे तालमीत नव्हतं. तिला एकापाठोपाठ एक हात पकडत धावावं लागलं, आणि गोड करायला मध्ये वेळच नव्हता. ती पंज्याचं बोलली, बायकोचं बोलली, पोटाचं बोलली. बाकावरचा माणूस हसला. मंडळाबरोबर, त्याच वेळी. फोनवाल्यानं फोन ठेवून खिडकीकडे बोट दाखवलं आणि काहीतरी म्हणाला, आणि ताईनं ते हातांत आणलं: "हे म्हणतायत, खिडकीत एकच माणूस आहे. दुसरी सावली."

फेरी तिथं संपली.

नंतर समिती कर्मचाऱ्यांच्या खोलीत बसली. ताई धाकटीच्या समोर उभी राहिली, भुवईंच्या खांद्याजवळ, बोलणं हातांत आणायला. खुर्ची दिली ती तिनं घेतली नाही.

भुवई बोलत होते आणि ताई सांगत होती. "सुरुवातीला मला वाटलं, पडदे बरे. बराच वेळ तसंच वाटत होतं." मग, "तिसऱ्या चित्रापाशी मी जे ऐकलं ते ऐकायला मी आलो नव्हतो. खरं सांगायचं तर त्या वेळी मला ते आवडलं. म्हणून मला ते जास्त खटकतंय." मग, "शेवटच्या चित्रावर मी एक लेख लिहिला आहे. सावलीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि मला ते अजून पटलेलं नाही."

ते थांबले, शेजारच्या सदस्याशी बोलले आणि पुढं बोलू लागले. ताईचे हात काही अंतर ठेवून निघाले.

"फेरी सुरू करू. पण आवाज घरचा नको. बाहेरचं माणूस शिकवून तयार करायचं. याला वेळ लागेल, तोवर फेरी थांबेल, पडदेही लावणार नाही. बहिणीला या कामात पुन्हा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यांना हे चालेल का, विचारा."

ताईनं यातलं काही गाळलं नाही. 'बहिणीला' म्हणताना तिनं कपाळावर बोट टेकवून खाली आणलं, तिची स्वतःची खूण, आणि 'स्पष्ट' या शब्दाला हवा तेवढा झटकाही दिला. धाकटीनं चिमटाबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. बरोबर.

ताईचे हात खाली आले. ती वाट बघत होती. तिच्या तोंडावर काहीही नव्हतं, पोस्टाच्या खिडकीमागे असायचं तसं.

धाकटी म्हणू शकली असती की ताई शिकेल, आजच तर शिकली. शेवटच्या चित्राला किती नीट केलं ते तुम्ही ऐकलंत. ते खरंही होतं. पण पुढच्या वेळी कुणी घड्याळ बघितलं की ताईला पुन्हा बघवणार नाही, हेही खरं होतं, आणि हे दोघींना माहीत होतं. आवाज शेवटी ताईचाच लागणार होता, नाही म्हणायलाही आणि हो म्हणायलाही.

तिनं हात वर केला आणि हो म्हटलं. त्यापुढं जोडायला तिच्याकडे बरंच होतं. तिनं जोडलं नाही.

ताई भुवईंकडे वळली.

"हो," ती म्हणाली.

पुढं काही येईल म्हणून भुवईंनी जरा वाट बघितली. ताईनं ओठ मिटले होते.